एक्केचाळीस डाव

सूर्यफुलाच्या बीचं एक टरफल बाबांच्या खालच्या ओठाला चिकटून राहिलं होतं, आणि ते पडत कसं नाही याकडेच कोरिनचं लक्ष पुन्हा पुन्हा जात होतं – बेसबॉलच्या मैदानाच्या मधोमध ऑस्मेल चेंडू पाठीमागे धरून उभा, लाकडी बाकांवर सगळं गाव श्वास रोखून बसलेलं, आणि ही मात्र एका टरफलाकडे बघत. बाबा ते झटकणार नव्हते. पाचव्या डावापासून त्यांनी हात गुडघ्यांवरून हलवलेच नव्हते. चांगलं चाललेलं असताना काही बदलायचं नसतं – टोपी सारखी करायची नाही, जागा सोडायची नाही, आणि मुख्य म्हणजे त्याबद्दल बोलायचं नाही. नऊपैकी आठवा डाव चालू होता. चेंडू बॅटला लागत होते, पण एकही मोकळ्या जागी पडत नव्हता. ऑस्मेलने समोरच्यांना अजून एकही फटका मिळू दिला नव्हता. अशा खेळाला एक नाव आहे, पण तो चालू असताना ते जो उच्चारेल त्याच्यावर पुढचं सगळं पाप. नदीकाठच्या या गावात देवाचं नाव व्यर्थ घेतलेलं एक वेळ चालतं, हे नाही.

कोरिनचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. विश्वास नसणं हाच तर तिचा पोटापाण्याचा धंदा. गावचा हा संघ शहरातल्या एका मोठ्या क्लबाने पोसलेला. कोणत्या पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, हातात खरंच काही आहे आणि कोणाला नुसतं नशीब लागलंय, ते निवडून वेगळं करायला क्लबाने तिला ठेवलेलं. हातातून सुटेपर्यंत चेंडू पिचरचा. बॅटला लागून एकदा मैदानात शिरला की तो वाऱ्याचा, गवताचा, मागे पळणाऱ्या माणसांच्या पायांचा. म्हणून मोजायचं ते फक्त त्याचं स्वतःचं – किती जणांना बॅट न लागता परत पाठवलं, किती जणांना वाईट चेंडू टाकून फुकट पुढे सोडलं. त्या हिशोबाने ऑस्मेल म्हणजे सोनं. पण उन्हाळाभर त्याचे चेंडू नेमके दोन माणसांच्या मधे पडत राहिले, फळ्यावर धावा चढत राहिल्या, आणि क्लब त्याला वेनेझुएलाला परत धाडायला निघाला होता. हिने साहेबाशी हुज्जत घातली, तेव्हा साहेब म्हणाला होता, आकडे पुरे, जा, डोळ्यांनी बघून ये, मग बोल.

आणि आज? आज ऑस्मेल उन्हाळ्यातलं सगळ्यात वाईट फेकत होता. सणसणीत टोले कोणाच्या तरी हातमोज्यात आपणहून जाऊन बसत होते. आजच्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं – हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि तरी पोटातून हसू वर येत होतं, लहानपणी याच बाकावर यायचं तसं…

“काय म्हणतंय गणित, प्रोफेसरीणबाई?” बाबांनी ओठ न हलवता विचारलं.

“नुसतं नशीब आहे, म्हणतंय.”

“मग पाय का नाचतोय तुझा?”

मागच्या बाकावरून मॅव्हिसने गुंडाळलेलं वर्तमानपत्र दोघांच्या पाठीत टोचलं. मॅव्हिस आयुष्यभर त्यांच्या मागेच बसत आलेली. “लाइल, पोरीला आवर. तिच्या तोंडून काही निसटलं, तर दोघांना नदीत बुडवीन.”

बाबा गप्प झाले. त्यांना या मैदानावर गप्प बसणं चांगलं जमायचं. तेविसाव्या वर्षी एक उन्हाळा ते याच मातीच्या उंचवट्यावरून चेंडू फेकत होते – एक्केचाळीस डाव – आणि मग मॅनेजरने आत बोलावून, हात मिळवून निरोप दिला, झालं. त्याच आठवड्यात ते धान्याच्या कोठारावर कामाला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. कोणी विचारलं तर सांगायचे, बरोबरच केलं त्यांनी, माझ्यात तेवढं नव्हतंच. आपली उंची सांगावी तसं सांगायचे. त्या वाक्यावर त्यांनी घर बांधलं होतं, लग्न केलं होतं, तिला वाढवलं होतं.

आणि नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने गंमत म्हणून जुन्या नोंदींतून त्यांचे ते डाव काढून गणिताला लावले होते… गंमत म्हणून! आकडे समोर आले तेव्हा ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती. बॅट न लागता परत पाठवलेले भरपूर. फुकट सोडलेले जवळजवळ नाहीत. आणि जो झेल म्हणून घेता आला असता असा चेंडू त्या उन्हाळ्यात दर वेळी कुठेतरी गवतात. पण एक्केचाळीस डाव म्हणजे काहीच नाही. एवढ्यावरून कोणी पोर तिच्यासमोर बोलू लागलं असतं तर तिनेच त्याला गप्प केलं असतं – निदान दोन हंगाम पाहिजेत, त्याआधी जे दिसतं तो योगायोगाचा निव्वळ गोंगाट. शिवाय कोणाला सांगायचं, आणि का? जो माणूस ‘नव्हतंच’ वर सुखाने उभा आहे त्याला ‘होतं’ म्हणून सांगायचं?… तिने ते मिटून ठेवलं. मिटलेलं राहिलं.

आठवा डाव संपला. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्यासुद्धा हलक्या हाताने, झोपलेलं मूल उठेल अशा. तेव्हा बाबा समोरच बघत म्हणाले, “माझ्या वेळी तू असतीस, तर ठेवलं असतंस मला?”

चेष्टेतच. पण त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. तिने तोंड उघडलं –

पाठीत वर्तमानपत्र टोचलं. बाबांनीही एक बोट उचलून ओठांवर ठेवलं, टरफलाच्या शेजारी. “आत्ता नको. संपू दे.”

नववा डाव. दोन बाद. मग एक लेचापेचा चेंडू, बॅटच्या टोकाला नुसता चाटून उडालेला, तिघे पळत आले आणि तिघांच्या मधे तो पडला, पिकलं फळ पडावं तसा. सगळ्या गावाने एकदम श्वास सोडला. मग सगळे उभे राहून ऑस्मेलसाठी टाळ्या वाजवू लागले, आणि बाबा तिच्या पाठीवर थापा मारत हसले, इतके की टरफल कधी पडलं कळलं नाही. “आलं बघ तुझं नशीब! एका माणसानंतर यायचं होतं, तर लवकर आलं.” वाटेत त्यांनी पावाबाहेर लोंबणारं तळलेलं डुकराचं मांस खाल्लं, तो चेंडू कोणाचा होता यावर भांडले, मॅव्हिसची नक्कल केली. तो प्रश्न कुठेतरी राहून गेला. उद्या सकाळी बोलू, असंही तिला वाटलं नव्हतं. इतकं ते साधं होतं.

सकाळी ती खाली आली तेव्हा बाबा स्वयंपाकघरात बसले होते, एका पायात बूट, अंग गार पडलेलं. कॉफी यंत्रात तयार होऊन थांबली होती.

आता पुन्हा मैदान. बाबांच्या अंत्यविधीला शेजाऱ्यांनी भरून आणलेली भांडी अजून परत द्यायची आहेत, आणि कोरिन मैदानावर येऊन बसली आहे, शेजारी बाबांची बाकावर टाकायची उशी. साहेबाने तिच्या शब्दाखातर ऑस्मेलला आजपर्यंत थांबवलं. आज संध्याकाळी काय ते ठरणार. आणि पहिल्याच डावात दोन धावा गेल्या – एक चेंडू हाताने ठेवल्यासारखा रेषेवर पडलेला, एक शॉर्टस्टॉपच्या जागेवरच्या क्षेत्ररक्षकाच्या पायातून सुटलेला. लोक ओरडतायत, कोणीतरी त्याला घरी जा म्हणतंय. पण चेंडू! अरे, चेंडू बघा ना… आज तो असा फेकतोय की बॅटजवळ येता येता चेंडू जिना उतरल्यासारखा खाली जातोय, बॅटवाले हवेत बॅट फिरवून आपल्याच मनगटाकडे बघतायत, आणि हे कोणाला दिसत नाहीये, फळ्यावर ते लिहिलं जात नाहीये. तिचा पाय नाचू लागला. तिला एकदम हसू आलं, मग लाज वाटली, मग लाजही गेली. हे बघणारं आणखी एकच माणूस तिला माहीत होतं. त्याने आत्ता ओठ न हलवता काहीतरी म्हटलं असतं.

मॅव्हिसने मागून बियांची पिशवी पुढे केली. आज वर्तमानपत्र टोचायचं कारण नव्हतं. फटके कधीच गेले होते, जपण्यासारखं काही उरलं नव्हतं. आज कोणीही काहीही बोलू शकत होतं.

कोरिनने एक बी दातात फोडली. एक्केचाळीस डाव पुरत नाहीत. शंभरही पुरले नसते. संध्याकाळी साहेबाला ती अडखळत, हातचं राखत, ‘बहुधा’ आणि ‘कदाचित’ लावत सांगणारच होती, तिला तसंच बोलता येत होतं. पण छातीत जे उसळत होतं त्याला ‘बहुधा’ लागत नव्हतं.

“ठेवलं असतं,” ती म्हणाली.

“आं?” मॅव्हिस पुढे वाकली. “काही म्हणालीस का गं?”

मैदानावर ऑस्मेलने हात मागे घेतला. कोरिनने उशीवर तळवा ठेवला, आणि सगळ्या आरडाओरड्यावरून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाबा, तू चांगला होतास. तुझ्यात होतं.”