गाडीचा दमा

"सुरू व्हई गयी! दोधू आप्पानी गाडी सुरू व्हई गयी!"

ब्राह्मणपुरीच्या पटांगणात एकच गलका उठला. दोधू आप्पांची मोटारसायकल म्हणजे गावाच्या चेष्टेचा विषय. गेल्या पावसाळ्यापासून ती गोठ्यात म्हशीशेजारी उभी होती आणि कोंबड्या तिच्या सीटवर बिनधास्त अंडी घालत होत्या. आज गावात उतरलेल्या फुंकरनाथ महाराजांचा चेला छगन तिला पडद्याआड घेऊन गेला. आत मंत्र झाले, धूप झाला. नंतर बाहेर आणून त्याने किक मारली, तर गाडी चक्क फटफटायला लागली. आप्पा आधी गाडीच्या पाया पडले, मग महाराजांच्या.

महाराज पाटावर डोळे अर्धवट मिटून बसले होते. हातात तांब्याचा लोटा होता.

"बालकांनो, गाडीला निर्जीव समजू नका. तिलाही छाती आहे, तिलाही श्वास आहे. हिच्या छातीत करणी बसली होती, ती या तीर्थाने सुटली. लोखंडाचा दमा जातो, मग हाडामांसाचा का जाणार नाही?"

लोकांनी माना डोलावल्या. लोखंडाला दमा होतो हे आजवर कुणी ऐकलं नव्हतं, पण महाराज म्हणतात म्हटल्यावर होत असणार!

लोणखेड्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी काजल शाळा सुटून आली, ती छगन किक मारत असतानाच गर्दीपाशी पोचली होती. आता गर्दीतून वाट काढत ती पुढे आली. पहिल्याच रांगेत चटईवर तिच्या सासूबाई भिकुबाई बसल्या होत्या; ती त्यांना आत्या म्हणायची. खांदे वरखाली होत होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. दम्याचा जुना आजार. औषधाचा पंप त्यांच्या कनवटीला कायम असायचा. आज तो नव्हता.

काजलने नवऱ्याला, हेमकांतला, बाजूला ओढलं. "अहो, आत्याना पंप कोठे शे?"

हेमकांतने नजर चुकवली. "महाराजनी सांगं, पंप अन् तीर्थ एक अंगमा ऱ्हात नही. खड्डामा टाकाले सांगं."

"आन् तुम्ही टाकी दिधा?"

हेमकांतने हात पँटच्या खिशात खुपसला.

"चला, आत्याले आत्तेच शहादाले दवाखानामा लई चला."

"थांब ना! आप्पानी गाडी मन्हा डोयासमोर सुरू व्हयनी. तू बी देखं ना?"

खरी गोम इथेच होती. काजलनेही ते पाहिलं होतं. रिकाम्या हातातून अंगारा काढणाऱ्या भोंदूला पकडणं सोपं असतं. या माणसाने गाडी मात्र खरोखर सुरू करून दाखवली होती. आणि तिकडे सासूबाईंचे ओठ काळवंडत चालले होते.

छगन लोटा घेऊन भिकुबाईंकडे निघाला. तो जवळून गेला तसा काजलच्या नाकात वास शिरला. घासलेट, आणि त्यात काहीतरी आंबट. हा वास तिच्या ओळखीचा होता. मागच्या सुट्टीनंतर तिची स्वतःची जुनी स्कूटर सुरू होईना, तेव्हा तिने घराच्या ओट्यावर बसून तिचा कार्बोरेटर धुतला होता आणि हाच वास दिवसभर रेंगाळला होता.

ती तरातरा पुढे गेली आणि तिने पडदा खसकन ओढला.

आत शेगडीवर पातेलं होतं. पातेल्यात पुढच्या भक्ताच्या गाडीचा कार्बोरेटर उकळत होता. बाजूला जुना दात घासायचा ब्रश, वायरीतली बारीक तार, लिंबूफुलाचं, म्हणजे सायट्रिक आम्लाचं, फाटलेलं पाकीट आणि अगदी शेगडीला खेटून घासलेटची बाटली!

"साधनाभंग!" महाराज कडाडले. "या बाईवर कोप होईल!"

"पण बाई, गाडी तर चालू व्हयनी ना?" गर्दीतून एक जण ओरडला. चार जणांनी त्याला दुजोरा दिला. कुणी तरी काजलचा दंड धरला.

"व्हयनी! मी कोठे नही म्हनस?" काजलने दंड सोडवून घेतला. ती वर्गात बोलते तशी बोलू लागली. "गाडी महिनोन्महिने उभी राहिली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. सुईच्या टोकाएवढी भोकं त्याने बुजतात. पेट्रोल पुढे जात नाही, मग गाडी सुरू कशी होणार? घासलेटने चिकटा सुटतो, दमट हवेने धातूवर चढलेला पांढरा थर लिंबूफुलाच्या गरम पाण्यात विरघळतो, तारेने भोक मोकळं होतं. पाण्याच्या हिटरवरचा क्षार तुम्ही कशाने काढता? याच लिंबूफुलाने ना? ही कृपा किराणा दुकानात मिळते!"

कुणी तरी फिसकन हसलं, पण महाराज हार मानणारे नव्हते. "माते, श्रद्धा डळमळू देऊ नकोस. प्राशन कर!"

छगनने लोटा भिकुबाईंच्या तोंडाशी नेला.

"छगन, ह्या पातेल्यातलंच पाणी ना ते?" काजल किंचाळली. छगनचा हात थबकला. त्याने महाराजांकडे पाहिलं, आणि ते पाहणं साऱ्या पटांगणाने पाहिलं. "आत्यांच्या छातीत पेट्रोल वाळलेलं नाही! दम्यात श्वासाच्या नळ्या आतून सुजतात, आवळतात. घासलेटचं पाणी खोकल्याबरोबर फुप्फुसात उतरलं तर फुप्फुस भाजून निघेल. माणूस जाईल!"

भिकुबाईंनी लोटा हाताने दूर लोटला. त्यांना बोलवत नव्हतं. त्यांनी फक्त मुलाकडे पाहिलं.

"पोऱ्या... पंप..."

हेमकांतचा चेहरा पार पडला. त्याने पँटच्या खिशात हात घातला आणि निळा पंप बाहेर काढला.

"मी टाका नही, माय. हिंमतच व्हयनी नही."

काजलने तो हिसकावून घेतला. एक फवारा, थोडं थांबून दुसरा. हळूहळू छातीतली शिट्टी बारीक होत गेली. काजल रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. तिथूनच रिक्षाने त्यांनी भिकुबाईंना शहाद्याला दवाखान्यात नेलं. महाराजांनी पातेलं गार व्हायचीही वाट न पाहता गाशा गुंडाळला.

रविवारी काजलने अंगणात, चूल-शेगडीपासून लांब, वर्तमानपत्र पसरलं आणि गावासमोर एका बंद गाडीचा कार्बोरेटर खोलून, घासून, धुऊन, नीट वाळवून दाखवला. मंत्र नाही, धूप नाही. गाडी सुरू झाली. दोधू आप्पा डोकं खाजवत म्हणाले, "मंग मी पाया कोना पडनू?"

सगळे हसले. हेमकांत मात्र खाली मान घालून बसला होता. काजलने सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "पंप खिशात ठेवलात, म्हणजे तुम्हाला शंका होती. मग आत्यांना एवढा वेळ तडफडू का दिलंत?"

"चार लोकं काय म्हनतीन, म्हनीसन..."

"आणि त्या चार लोकांनाही तीच शंका होती," काजल गर्दीकडे वळून म्हणाली. "खरं सांगा, नव्हती? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून गप्प बसला. एखादा उपाय एका ठिकाणी चालला, तर का चालला ते विचारा. ते कळल्याशिवाय तो दुसरीकडे वापरू नका. गाडीला मेकॅनिक आहे, माणसाला डॉक्टर आहे. आणि शंका आली तर मोठ्याने बोला, समोरचं माणूस गुदमरायच्या आत बोला."

या वेळी कुणीच दुसऱ्याकडे पाहिलं नाही. ओट्यावर बसलेल्या भिकुबाई सावकाश, पुरा श्वास घेऊन म्हणाल्या, "मले बी शंका व्हती वं माय. पन मन्हाकडे बोलाले दमच नव्हता. तुम्हनाकडे तर व्हता ना?"