नांगरलेल्या जहाजावरची इटालियन गाणी

मित्रांनो, मी एक म्हातारा सीडी प्लेअर आहे. माझी मूठ चिकटपट्टीने बांधलेली आहे आणि झाकण एका बाजूने उचकटलेले आहे. आज मला कोणी वाजवत नाही. पण एकदा एका माणसाचा जीव माझ्या आवाजामुळे वाचला. ती हकिगत तुम्हाला सांगतो.

माझा पहिला मालक ब्रूनो. तो एका मोठ्या प्रवासी जहाजावर आचारी होता. त्याने मला जेनोवाच्या बाजारात विकत घेतले आणि बारा वर्षे जहाजाच्या भटारखान्यात पिठाच्या डब्यावर ठेवले. त्याच्याकडे अकरा सीडी होत्या. सगळ्या इटालियन गायकांच्या, आपली गाणी आपणच लिहून गाणाऱ्यांच्या. कणीक मळता मळता ब्रूनोही त्यांच्याबरोबर गायचा. माझ्या जाळीत पीठ जायचे, बटणांना तेल लागायचे, पण ते दिवस सुखाचे होते.

मग २०२० साल उजाडले. साथ पसरली, प्रवासी उतरले आणि आमचे जहाज साउथहॅम्प्टनपासून थोड्या अंतरावर समुद्रात नांगरून पडले. कामगारांना मात्र उतरायची परवानगी नव्हती. प्रत्येकाला वेगळी खोली दिली. जेवण दाराबाहेर ठेवले जाई आणि खोली सोडायला सक्त मनाई होती. ब्रूनोच्या विमानाची सोय आधी झाली. जाताना त्याने मला सगळ्या सीडींसकट धोबीखान्यातल्या संजयकडे दिले.

संजय वेंगुर्ल्याचा. जहाजावरच्या चादरी धुण्यात त्याची सोळा वर्षे गेली होती. इटालियन त्याला भटारखान्यात कानावर पडलेली, तेवढीच येई. तरी रोज दुपारी तो बाल्कनीचे दार उघडून मला उंबऱ्यावर ठेवायचा. शेजारच्या खोलीत इंद्रजित होता. तो कोल्हापूरचा, जहाजावर वेटर. दोन बाल्कन्यांमध्ये एक पांढरी फळी होती. एकमेकांचे तोंड दिसत नसे, आवाज मात्र ऐकू येई.

"दादा, हा कोण रडतोय?" पहिल्या दिवशी इंद्रजितने विचारले.

"रडत नाही रे. बायकोला शेवटचं पत्र लिहितोय म्हणे. आवाज ऐक. दोरीवर वाळलेल्या चादरीसारखा. इस्त्री नाही, पण स्वच्छ."

"आणि मागचं व्हायोलिन?"

"ते उगाच घातलंय. एकट्या गिटारवर बरा होता."

असे रोज चाले. सीडीवरच्या चित्रांवरून त्यांनी गायकांना टोपणनावे दिली. लाल कोटवाली इंद्रजितची लाडकी. संजयचे म्हणणे, तिची पहिली सीडी उत्तम, पण नाव झाल्यावर दुसरीत ती श्वास घ्यायलाच विसरली. यावर दोघे अडीच दिवस भांडले. टकल्या गायकाचे बंदरावरचे गाणे नऊ मिनिटांचे होते. संजयला ते अकराही सीडींमधले सगळ्यात खरे वाटायचे. इंद्रजितला ते अजिबात खपायचे नाही. ते सुरू झाले की तो फळीवर बुक्के मारायचा.

"मुद्द्यावर ये म्हणावं त्याला! आपण इथं अडकलोय तेवढं पुरे नाही का?"

त्यांचे घरी जायचे विमान तीनदा ठरले आणि तीनदा रद्द झाले. तिसऱ्यांदा रद्द झाले तेव्हा संजयने दाढी करणे सोडले आणि इंद्रजितने बोलणे कमी केले. त्याच्या दाराबाहेरचे ताट तसेच परत जाऊ लागले.

एका दुपारी संजयने लाल कोटवाली लावली. पलीकडून हूं नाही की चूं नाही. त्याने हाका मारल्या. मग त्याने टकल्याचे ते गाणे लावले आणि माझा आवाज पुरता वाढवला. माझी जाळी थरथरू लागली. एक मिनिट गेले, तीन गेली, पाच गेली. फळीवर एकही बुक्का पडला नाही.

संजयने जहाजाच्या दवाखान्यात फोन केला. उत्तर आले, "मॉर्निंग चेक झालाय. झोपला असेल."

मी उंबऱ्यावर वायरने बांधलेला. मला फक्त गाता येत होते. संजयने मात्र दार उघडले आणि मनाई मोडून तो बाहेर धावला. इंद्रजितचे दार तो दोन्ही हातांनी बडवू लागला. पहारेकरी ओरडत आला.

"बॅक टू युवर केबिन!"

"त्याला हे गाणं आवडत नाही!" संजय मोडक्या इंग्रजीत ओरडला. "झोपला असता तरी उठून शिव्या दिल्या असत्या! दार उघडा!"

दार उघडले. इंद्रजित जमिनीवर बेशुद्ध पडला होता. त्याला मधुमेह होता. दोन दिवस न जेवता त्याने इन्सुलिन मात्र घेतले होते. डॉक्टर आले आणि तासाभरात एक छोटी बोट त्याला साउथहॅम्प्टनच्या इस्पितळात घेऊन गेली.

पुढचे आठ दिवस संजयने मला हात लावला नाही. समोरच्या किनाऱ्याकडे बघत तो बसून राहायचा. नवव्या दिवशी फोन वाजला.

"दादा, मी वाचलो," इंद्रजित म्हणाला. "पण ते गाणं वाईटच आहे."

संजय हसला आणि हसता हसता हमसून रडला. इतक्या महिन्यांत त्याला रडताना मी पहिल्यांदाच ऐकले.

जूनमध्ये संजय घरी गेला. एकच बॅग न्यायची मुभा होती, म्हणून त्याने मला बंदरावरच्या खलाशांच्या विश्रामगृहात ठेवले. तेव्हापासून मी इथल्या काचेच्या कपाटात बंद आहे. खलाशी येतात, कानात आपापल्या फोनची गाणी घालून बसतात आणि निघून जातात. माझ्या भिंगावर धूळ साचली आहे. मऊ फडक्याने कोणी पुसले, तर कदाचित मी अजून गाईन.

पण मित्रांनो, मला पुसायचे राहिले तरी चालेल. तुमच्या शेजारी रोज भांडणारा माणूस एखाद्या दिवशी गप्प झाला, तर "झोपला असेल" म्हणू नका. उठा आणि त्याचे दार वाजवा. आतून उत्तर येईपर्यंत वाजवत राहा.