रजईतला डग्गा

मित्रांनो, मी एक जुना डग्गा आहे आणि मला तबल्याचा हेवा वाटतो. इतर वाद्यं आपली कहाणी सांगताना आधी जन्मगाव सांगतात, मग मोठेपणा सांगतात. मी आधी पोटदुखी सांगतो, कारण ती लपत नाही. वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताखाली बसलेला, तांब्याचा, पोट सुटलेला तो मी. उजव्या हाताखाली बसलेला, लाकडाचा, सडपातळ तो तबला. वाजतो आम्ही दोघंही, पण जोडीला नाव त्याचं. क्लास तबल्याचा, परीक्षा तबल्याची, वाजवणारा तबलजी. डग्ग्याच्या क्लासला निघालेलं मूल तुम्ही पाहिलंय का?

एका तांबटानं मला ठोकून ठोकून गोल केलं. वर कातडं ताणलं, चामड्याच्या पट्ट्यांनी आवळलं आणि काळी शाई थापली. त्यातही तबल्याची शाई बरोबर मधोमध आणि माझी एका कडेला सरकलेली. जन्मापासूनच हे असं आहे, बघा.

माझे पहिले मालक कोपरगावचे बिस्मिल्लाभाई. ते गावोगावच्या भजनी मंडळांना साथ करायचे. कारखान्याचा गळीत हंगाम संपला की त्यांना बोलावणी यायची आणि मी त्यांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून गोदाकाठची गावं हिंडायचो. तेव्हाचा माझा जोडीदार तबलाही भाव खायचा, पण तो घरचाच वाटायचा. पुढं त्याचं लाकूड तडकलं, बिस्मिल्लाभाईंची बोटं आखडली आणि मी गवसणी घालून कपाटावर जाऊन बसलो. आपलं आता संपलं, असं मी धरून चाललो होतो.

पण बिस्मिल्लाभाईंची नात नाझनीन हिनं तबला शिकायचा हट्ट धरला. तिचे अब्बा परवेझ नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, घर सावेडीत, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बिस्मिल्लाभाईंनी मला पोराच्या हवाली केलं आणि बजावलं की तबला नवा घे, डग्गा मात्र हाच ठेव. मी फुगलो. फुगायला मला फारसे कष्ट पडतही नाहीत.

मग नवा तबला आला. काळ्याभोर शिसवीचा, पॉलिश केलेला. नाझनीन रोज त्याला मऊ फडक्यानं पुसायची. मोबाईलवर तानपुरा लावून, छोट्या हातोडीनं त्याच्या कडेवर टक टक करत, कान लावून लावून त्याला सुरात आणायची. अगदी नवरदेवाला सजवावं तसं. मग माझ्याकडे वळायची, एक थाप मारायची आणि म्हणायची, "चालतंय." त्या "चालतंय"नं माझं काळीज किती वेळा जळलं, ते माझं मला ठाऊक.

पण खोटं कशाला बोलू, पोरीचा डावा हात गोड होता. मनगट माझ्यावर टेकवून ती जरासं पुढं सरकवायची आणि माझ्यातून असा घुमारा निघायचा की खिडकीची काच शहारायची. तीनतालात "धा" म्हणजे आम्हा दोघांचा बोल. मी गप्प बसलो की त्याचा "ता" होतो. म्हणून तर तालाच्या ज्या भागात मी थांबतो, त्याला खाली म्हणतात.

आणि खाली म्हटलं की मला काकासाहेब आठवतात. आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये ते मुलाकडे राहायला आले होते. म्हातारे गृहस्थ, आयुष्य शेतात गेलेलं. एके दिवशी ते जिना चढून वर आले आणि दारातूनच म्हणाले, "पोरी, दुपारचं जरा जपून. तुझा डग्गा थेट माझ्या डोक्यात वाजतो."

एवढंच म्हणाले आणि गेले. पण घरात सगळे ओशाळले. बिल्डिंगमध्ये राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. नाझनीनची अम्मी, रेश्मा, शेजाऱ्यांना फार जपणारी. आपल्यामुळे कुणाची झोप मोडू नये, कुणी तोंड वाकडं करू नये, म्हणून तिनं हिवाळ्यातली जाड रजई काढली आणि मला गळ्यापर्यंत गुंडाळून टाकलं. दुपारीच नव्हे, सकाळ-संध्याकाळ. तबल्याला मात्र काही नाही. तो आपल्या चुंबळीवर ऐटीत, उघडाच. त्याचा आवाज खाली जात नव्हता ना!

रजईत माझा श्वास कोंडला. नाझनीन मनगट सरकवायची, मी जीव खाऊन घुमायचो आणि तो घुमारा कापसात जिरून जायचा. सुरुवातीला तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, पण हळूहळू घरातल्या सगळ्यांच्या कानांना त्याची सवय झाली. क्लासमध्ये ती तिथल्या तबला-डग्ग्यावर, सगळ्या मुलांच्या गलक्यात वाजवायची, त्यामुळे शिकवणाऱ्या गोरक्षनाथ सरांना तिचा एकटीचा हात वेगळा ऐकू येत नसे आणि माझी दशा कळायचं तर काही कारणच नव्हतं.

अशात तबल्याची प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा आली. नाझनीनला परीक्षकासमोर बसलं की घाम फुटायचा, बोटं थिजायची. म्हणून तिनं घरी व्हिडिओ काढून पाठवायचा मार्ग निवडला. मध्ये कुठंही न थांबता, दोन्ही हात दिसतील असं वाजवायचं, हा नियम. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. तबला लख्ख चमकत होता. मी रजईत, फक्त तोंड बाहेर, बघणाऱ्याला वाटावं की खाली बैठकच अंथरलीय.

निकालात पोरगी प्रात्यक्षिकात नापास झाली. डावा हात ऐकू येत नाही, धा आणि ता सारखेच वाजतात, असा शेरा होता.

परवेझ रागावले नाहीत, पण त्यांनी शांतपणे सांगितलं की पुन्हा एकदा परीक्षा दे, या वेळी झाली तर क्लास चालू, नाही तर पुढं दहावी आहे, तबला बंद. नाझनीन उठली आणि तबल्यावर गवसणी घातली. माझ्यावर घालायची विसरली.

गोरक्षनाथ सरांनी तो व्हिडिओ पाहिला आणि निदान केलं की डग्गा बसलाय, कातडं मेलंय. त्यांनी क्लासमधला एक नवा डग्गा तिला वापरायला दिला. चकचकीत स्टीलचा. मला माळ्यावर जुन्या कुलरशेजारी टाकलं आणि माझी रजई त्याला गुंडाळली. मित्रांनो, ज्या रजईनं माझा गळा दाबला, त्या रजईचाही मला हेवा वाटला. हेव्याला अक्कल नसते, ते मला त्या दिवशी कळलं.

मी वरून बघत होतो. नवा डग्गाही रजईत मुका झाला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मनातल्या मनात मी टाळ्या पिटल्या. नाझनीननं सरावाचा व्हिडिओ सरांना पाठवला आणि सरांचा फोन आला. ते म्हणाले, "हाही बोलत नाही. म्हणजे दोष डग्ग्याचा नाही, तुझ्या हाताचा आहे."

तिथं माझ्या टाळ्या थांबल्या. त्या हाताचं वजन मला ठाऊक होतं. त्याच्या मनगटाची ऊब मला ठाऊक होती. पोरगी डावा हात मांडीवर उलटा ठेवून त्याच्याकडे बघत बसली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. तिनं अम्मीला सांगितलं की परीक्षेचा व्हिडिओ पाठवायचाच नाही, राहू दे. मला ओरडून सांगावंसं वाटलं की रजई काढा. पण माझं तोंड दुसऱ्याच्या हातानं उघडतं, आणि तो हात आता मला शिवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकासाहेब वर आले. रेश्मा धास्तावली. तिला वाटलं, पुन्हा तक्रार. काकासाहेब चपला काढून आत आले, खुर्चीत टेकले आणि जरा अवघडून विचारते झाले, "पोरीनं वाजवायचं सोडलं का?"

रेश्मानं घाईघाईनं सांगितलं की तुम्हाला त्रास नको म्हणून डग्गा गुंडाळून ठेवतो, काका. तिनं रजईकडे बोटही दाखवलं. म्हातारे त्या रजईकडे बघतच राहिले.

"आवं, मी दुपारचं म्हनलो हुतो. जरा डोळा लागतो तवा," ते म्हणाले. "सांजच्याला मी एकलाच असतो. खाली तबला ऐकूच येत न्हाई, डग्गा तेवढा येतो. त्याच्यावर मान डोलवायची सवय झाली हुती. आन आता समदं सामसूम. मला वाटलं, पोर रागावली माझ्यावर."

मित्रांनो, तुम्ही हे ऐकलंत ना? खाली तबला ऐकूच येत नाही! माझी फार इच्छा होती की शिसवीच्या साहेबांनीही हे नीट ऐकावं.

नाझनीन ताडकन उठली. तिनं नव्या डग्ग्याची रजई ओढून काढली आणि थाप मारली. खोली दणाणली. तिनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. काकासाहेबांनी मात्र मान हलवली.

"ह्यो न्हाई," ते म्हणाले. "आदीचा कुठाय?"

मला माळ्यावरून उतरवलं. धूळ पुसली. मग त्या पोरीनं हातोडी घेतली, तानपुरा लावला आणि माझ्या कडेवर टक टक करत, कान लावून मला सुरात आणलं. एवढ्या आयुष्यात पहिल्यांदाच! तबला शेजारी वाट बघत बसला होता. बसू दे की जरा.

व्हिडिओ काढायच्या वेळी रेश्मानं काकासाहेबांना समोर बसायला सांगितलं. पण पोर माणसं बघून बिचकते, हे समजल्यावर ते म्हणाले की मी आपला खाली माझ्या जागेवर बसून ऐकतो. ते जिना उतरून गेले. नाझनीननं डोळे मिटले आणि पहिला धा वाजवला. काच शहारली. खालीचा भाग आला, मी थांबलो, तबला एकटाच पुढं गेला, आणि माझ्या लक्षात आलं की मी थांबलो हेसुद्धा आता ऐकू येतंय. मग मी परतलो तेव्हा पोरगी हसत होती.

ती पास झाली. क्लास चालू राहिला. परवेझ पेढे घेऊन आले आणि बॉक्स कशावर ठेवला म्हणता? तबल्यावर. सरांनी क्लासच्या ग्रुपवर फोटो टाकला, त्यातही तबला पुढं आणि माझं अर्धं पोट कापलेलं. तेव्हा हेवा गेला असं मी म्हणणार नाही. तो आहे, तसाच आहे.

तुम्हाला एकच विनवणी. परीक्षेची तयारी कराल तेव्हा उजव्या हाताइतकंच डाव्या हाताकडेही कान द्या. वाद्याला फडक्यानं पुसा, पण त्याचा गळा झाकू नका. आणि शेजाऱ्यानं काही म्हटलं, तर घाबरून रजई गुंडाळण्याआधी त्याला नेमकं काय हवंय ते विचारा.

हल्ली एखाद्या संध्याकाळी नाझनीन सरावाला कंटाळली की काकासाहेब खालच्या गॅलरीत येऊन वर बघत हाक देतात, "पोरी, आज डग्गा का न्हाई?" तबल्याबद्दल त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.