किलोभराचा लॅपटॉप

ज्योनने मला कागदावर लिहून दिलं होतं. वजन किलोभर, जास्तीत जास्त सव्वा किलो. पडदा लहान. बॅटरी दिवसभर टिकणारी. पंख्याचा आवाज नको. खाली रेघ मारून लिहिलं होतं, ‘मोठा आणू नकोस, आई.’

मोठा आणून ठेवणार कुठे म्हणा! आमच्या घरात रस्त्याकडच्या दोन खोल्या आहेत, तिथे पोराला बसू देत नाही मी. मधली खोली आहे, तिला खिडकी नाही. कपाट आणि भिंत यांच्यात हातभर जागा आहे. तिथे गोधडी टाकून, गुडघ्यावर वही ठेवून माझा मुलगा तीन वर्षं शिकतोय. बाई आठवड्यातून दोनदा येऊन शिकवतात. आता त्या म्हणाल्या की पुढचं सगळं लॅपटॉपवर. म्हणून हा गुडघ्यावर मावेल असा हवा.

तीन वर्षांपूर्वी माझ्या दिराने वरच्या गावात पाटाच्या पाण्यावरून डोदाय घराण्यातला माणूस मारला. दीर तुरुंगात गेला, जेवायला वेळेवर मिळतं त्याला. माझा नवरा जर्मनीत पळाला, पत्ता मलाही सांगत नाही. आम्ही मायलेक डोंगर उतरून श्कोद्रा शहरात आलो, पण रक्ताचं देणं, म्हणजे खुनाच्या बदल्यात आमच्या घरातला पुरुष, काही गावात मागे राहत नाही. बाईच्या अंगाला कुणी हात लावणार नाही, लहान मुलाच्याही नाही. घराच्या उंबऱ्याआतही कुणी येणार नाही. पण मुलगा हत्यार पेलण्याजोगा झाला की तो पुरुषांत मोजला जातो. आणि तो कधी झाला, हे ठरवणारे आम्ही नव्हे. ज्योन तेरा वर्षांचा होता, तेव्हाच मी दार लावलं. विषाची परीक्षा कोण घेणार?

मी बुटांच्या कारखान्यात वरचं चामडं शिवते. सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकानात गेले. दुकानातली मुलगी, एरिओला नाव तिचं, मोठी गोड बोलणारी. तिने आधी एक भलाथोरला लॅपटॉप समोर ठेवला. म्हणाली, याच पैशांत दुप्पट ताकदीचा येतो. मी म्हटलं, लहान दाखव. तिने दाखवला. उचलला तर हातात काही आहे असंच वाटेना. आवडला मला. पण ती पोरगी काही गप्प बसेना. लहान म्हणजे महाग, लहान म्हणजे कमी कामाचा, रोज प्रवास करणाराच असला घेतो. घरात एका जागी बसणाऱ्याला याचा काय उपयोग, असं तिने अगदी हसत विचारलं.

घरात एका जागी बसणारा. तिला बिचारीला काय माहीत! पण माझ्या डोक्यात सणक गेली. तीन वर्षं हेच ऐकतेय मी. कारखान्यातल्या बाया डबा खाताना आपापल्या मुलांचं सांगतात, कुणाचा मुलगा पोहायला जातो, कुणाचा मुलींच्या मागे फिरतो, आणि माझ्याकडे वळल्या की आवाज खाली करतात. घरात दडवलेल्या मुलाची आई! मला त्या क्षणी ते नकोसं झालं. एका दुकानात, एका अनोळखी पोरीसमोर तरी मला बाकीच्या आयांसारखं बोलायचं होतं.

मी म्हटलं, “घरात कुठला बसतोय तो! एकोणीस वर्षांचा घोडा झालाय. तिरानाला कॉलेजात आहे. दर सोमवारी सकाळच्या बसने जातो, शुक्रवारी येतो. घरात पाय ठरत नाही त्याचा.”

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. बोलताना मला काय बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगू! ज्योनला मी बसमध्ये चढताना पाहिलं. पाठीवर पिशवी, पिशवीत हा लॅपटॉप. अंगाने तो अजून पोरसवदा आहे, सोळाचा असून तेराचा दिसतो, पण माझ्या बोलण्यात तो चांगला उंच झाला होता.

एरिओलाने मग वॉरंटीचा कागद भरायला घेतला. नाव विचारलं. मी सांगितलं. ती लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाली, “ज्योन प्रेनाय. डोंगराकडचे का तुम्ही? गाव कुठलं?” आणि मी गावही सांगून टाकलं.

दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक म्हातारा फोन दुरुस्त होण्याची वाट बघत बसला होता. गाव ऐकून त्याने मान वर केली. मी त्याला ओळखत नव्हते. तो उठला, टोपी हातात घेतली, आणि आमच्या डोंगरातल्या हेलात अगदी अदबीने म्हणाला, “मुलगा मोठा झाला म्हणायचा. लॅपटॉप लखलाभ होवो त्याला.”

फोन न घेताच तो बाहेर पडला. एरिओला पिशवी पुढे करून उभी होती, ती मी कशी घेतली आणि घरी कशी आले, मला आठवत नाही.

ज्योनने खोकं उघडलं. कपाटामागे जाऊन बसला, गुडघ्यावर ठेवून पाहिला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला हाक मारून म्हणाला की बघ, कसा बरोबर मावतो. मी बघितलं. हसलेही. रस्त्याकडचे पडदे पुन्हा एकदा ओढले आणि दाराची कडी दोनदा तपासली.

दिवेलागणीच्या आधी पालकाका आले. आमच्या आणि डोदायांच्या घरांत निरोप पोचवणारे ते मध्यस्थ, पांढऱ्या मिश्यांचे, तोलून मापून बोलणारे. कधी न कळवता येत नाहीत. मी कॉफी ठेवली, तर कपाला हात लावला नाही.

“द्राने,” ते म्हणाले, “तू आज दुकानात काय बोललीस?”

मी सांगितलं. सगळं खोटं होतं, थापा होत्या, पोराने अंगणही पाहिलेलं नाही, असं दहादा सांगितलं. मी तुमच्या पाया पडते, म्हटलं, जाऊन सांगा त्यांना.

“पोर घरातच असतो, हे सांगून आलो मी. डोदाय म्हणतात, आई आता घाबरून शब्द फिरवतेय. खुन्याचा पुतण्या दर सोमवारी आमच्या नाकासमोरून बसने जातो आणि आम्हाला पत्ता नाही, असं आता चारचौघांत झालंय. बसून राहिले तर लोक त्यांना बांगड्या भरा म्हणतील. पोरी, त्यांनी ज्योनला कधी मोजलंच नव्हतं. लेकरू आहे, असंच त्यांच्या घरात ठरलं होतं. त्यांच्या म्हातारीने आपल्या मुलांकडून तसं वचन घेतलं होतं, पोर मोठं होईपर्यंत त्याच्याकडे बघायचंही नाही. तू एकदा तरी मला विचारायला पाठवायचं होतंस.”

विचारायचं! विचारणं म्हणजे त्यांना आठवण करून देणं की इथे एक पोर वाढतंय. म्हणून तर मी तीन वर्षं तोंड शिवून बसले होते. आणि आज एका विकणाऱ्या पोरीपुढे हात दाखवून अवलक्षण करून आले.

मधल्या खोलीच्या दारात ज्योन उभा होता. लॅपटॉप एका हातावर उघडाच धरलेला, त्याचा उजेड हनुवटीवर. किती वेळ ऐकत होता कोण जाणे. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पालकाकांना विचारलं.

“म्हणजे मी बाहेर जाऊ शकत होतो?”

पालकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनीच उत्तर दिलं.

“हो बाळा. आज सकाळपर्यंत.”