कॅमेऱ्याला आवडणारा चेहरा

मावशीच्या मते तिच्या भाऊजींइतका फसवायला सोपा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. मोठ्या बहिणीचा नवरा म्हणून ती त्यांना अहो-जाहो करायची, पण मनातल्या मनात त्यांची पायरी तिने केव्हाच ठरवून टाकली होती. भाऊजी चष्म्याच्या दुकानात सेल्समन होते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवायची, मान जराशी तिरकी करून बघायचं आणि म्हणायचं, ही तर तुमच्यासाठीच बनवलीय. पंधरा वर्षं हे एक वाक्य विकून त्यांनी संसार चालवला होता. आणि एका रविवारी बागेत कुणा अनोळखी माणसाने त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीकडे तशीच मान तिरकी करून बघितलं, ‘हा कॅमेऱ्याला आवडणारा चेहरा आहे’ म्हटलं आणि एक चकचकीत कार्ड हातात ठेवलं, तर हा गृहस्थ हरभऱ्याच्या झाडावर चढून बसला तो उतरायलाच तयार होईना.

मुलीला घरात सगळे टिल्ली म्हणत. टपोरे डोळे, पुढचे दोन दात पडलेले आणि गुडघ्यावर कायम एखादी खपली. मावशीचा तिच्यावर जीव होता. पण जीव आहे म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायची नसते, असं तिचं म्हणणं.

शिवाय हा धंदा तिने जवळून पाहिला होता. लहान मुलांच्या कपड्यांच्या कारखान्यात ती सॅम्पल शिवायची. नवा फ्रॉक आधी तिच्या मशीनवर तयार व्हायचा, मग त्यावरून हजारोंनी निघायचे. वर्षातून दोनदा कॅटलॉगसाठी फोटो काढत तेव्हा ती टाचण्यांचा डबा घेऊन मुलांच्या मागे उभी राहायची, ढगळ कपडा पाठीकडून चिमटीत धरून बसता करायची. त्या दिवशी येणाऱ्या आयांचा तिला मनस्वी तिटकारा होता. पोर पेंगुळलं की त्या कानाशी लागून कुजबुजत, सगळे बघतायत, हस, नाहीतर दुसऱ्या मुलीला घेतील. पोर दात काढायचं. मावशी टाचणी खोचता खोचता मनात म्हणायची, काय ही माणसं.

ताईला नवऱ्याचा भरवसा नव्हता आणि नवऱ्याला नाही म्हणायची हिंमतही नव्हती. म्हणून तिने धाकट्या बहिणीला गळ घातली. तू नुसती बरोबर जा, बोलू नकोस. मावशी गेली.

कार्डावरच्या मॉडेलिंग एजन्सीचं ऑफिस दातांच्या दवाखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत सातआठ मुलं ओठ रंगवून बसली होती आणि त्यांच्या आया एकमेकींच्या मुलांकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या. एक दोन वर्षांचं बाळ कोट घालून झोपी गेलं होतं. भिंतीवर छतापर्यंत फोटो होते, सगळी हसणारी मुलं. भाऊजी त्या भिंतीकडे असे बघत होते, जणू टिल्लीची जागा कुठली ते शोधतायत.

आतला साहेब चमकदार कोटातला, गोड बोलणारा. त्याच्या मागच्या भिंतीवरही फोटो होते. त्याने अर्धा तास तोंडाचा पट्टा चालवला. जाहिराती, मालिका, परदेशातली कामं. मावशी वाट बघत होती की हा मुलीची उंची कधी विचारतो. कॅटलॉगसाठी मुलं हवी असली की कारखान्यातून फोन जायचा तेव्हा पहिला प्रश्न उंची, दुसरा छाती, तिसरा बुटाचा नंबर. अंगात कपडा बसला नाही तर चेहरा घेऊन काय करायचंय? या माणसाने टिल्लीकडे धड बघितलंही नव्हतं. तो भाऊजींच्या घड्याळाकडे आणि बुटांकडे बघत होता.

शेवटी गाडी मुद्द्यावर आली. आधी पोर्टफोलिओ करावा लागेल, तो इथेच, आमच्याच फोटोग्राफरकडून. आकडा ऐकून मावशीने भाऊजींकडे पाहिलं. त्यांचा दोन महिन्यांचा पगार होता. आज भरलात तर त्याच्या अर्ध्यात, साहेब म्हणाला, कारण मुलीत काहीतरी आहे.

तेवढ्यात मावशीला साहेबाच्या डोक्यामागचा फोटो दिसला. पिवळा फ्रॉक, पांढरी कॉलर, कमरेवर हात ठेवलेली एक मुलगी. ताईचं सांगणं ती विसरली.

“ही मुलगी तुमची?” तिने विचारलं.

“आमचीच. आली तेव्हा फार लाजाळू होती. आता बघा.”

“कुठल्या कामाचा फोटो हा?”

“मोठी कंपनी आहे. नाव सांगता येत नाही, तसा करार असतो.”

“मग मीच सांगते. हा फ्रॉक मी शिवलाय. उजव्या बाहीला सात चुण्या पडल्यात आणि डावीला आठ, फोटो झाल्यावर माझ्या लक्षात आलं. ही आमच्या कटिंग मास्तरांची नात. आजोबांचा विसरलेला चष्मा द्यायला आली होती, माप बसलं म्हणून तिला उभं केलं. एजन्सी म्हणजे काय हे तिला माहीतसुद्धा नाही.”

साहेबाचं हसू जिथल्या तिथे राहिलं, नुसतं थोडं सुकलं. असे फोटो नमुन्यादाखल लावतात, तो म्हणाला, आणि खुर्ची भाऊजींकडे वळवून पुढे म्हणाला की शेवटी निर्णय वडिलांचा असतो.

आता भाऊजी उठतील असं मावशीला वाटलं. भाऊजींनी खिशातून पाकीट काढलं. सगळीकडे नमुना लावतातच, ते म्हणाले, आम्हीसुद्धा दुकानात लावतो. त्या क्षणी मावशीला त्या चोरापेक्षा या माणसाची जास्त किळस आली. चोराला निदान आपण काय करतोय ते ठाऊक होतं. तिने टिल्लीचा हात धरला आणि ती सरळ बाहेर चालू लागली. पोरीशिवाय पोर्टफोलिओ कुणाचा करणार, म्हणून भाऊजींना पाकीट मिटून मागोमाग यावं लागलं.

बाहेरच्या खोलीत तिने आवाज चढवून सगळ्या आयांना सांगितलं की भिंतीवरचे फोटो चोरीचे आहेत. एकही उठली नाही. एकीने फक्त तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं, कारण ती आरशाच्या आड येत होती.

भाऊजींनी पंधरा दिवस अबोला धरला. ताईच्या तोंडून मावशीच्या कानावर यायचं ते यायचं. तिचा जळफळाट होतो, तिला स्वतःला मूलबाळ नाही ना. मावशीने ते ऐकून घेतलं आणि ठरवलं की आता या माणसाचं तोंड कायमचं बंद करायचं. पुढच्या कॅटलॉगला सहा वर्षांच्या मापाची मुलगी हवी होती. तिने मास्तरांच्या कानावर घातलं. फोटो काढणाऱ्या बाईंनी फोनवर उंची, छाती, बुटाचा नंबर विचारला. एक पैसा मागितला नाही, उलट दिवसाचे पैसे मिळतील म्हणाल्या. अट एकच, आई किंवा वडील मुलीच्या नजरेसमोर बसलेले हवेत.

शनिवारी भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि दाखवलेल्या खुर्चीवर बसले. कारखान्याच्या वरच्या हॉलमध्ये छतापासून जमिनीपर्यंत पांढरा कागद सोडला होता, दोन्ही बाजूंना मोठे दिवे. अकरा कपडे घालायचे होते. पहिल्या चारला टिल्लीने कमाल केली. दात नाहीत तिथे जीभ घालून ती हसायची आणि फोटोच्या बाई म्हणायच्या, वा, असंच. मावशीची मान ताठ झाली. शेजारी लेकीला घेऊन उभ्या असलेल्या बाईने न विचारता तिने सांगून टाकलं, माझी भाची आहे. थोड्या वेळाने दुसरीलाही सांगितलं.

सातवा कपडा लोकरी स्वेटर होता. दिव्यांखाली तो नुसता भाजत होता. टिल्ली म्हणाली, मला बसायचंय. मावशी म्हणाली, एवढा एकच. टिल्लीने खाली मान घातली, तिचा ओठ थरथरायला लागला. फोटोच्या बाई घड्याळाकडे बघत होत्या, मास्तर दारात उभे होते. मावशी पाठीमागची टाचणी नीट करण्याच्या निमित्ताने वाकली आणि टिल्लीच्या कानात म्हणाली, “सगळे बघतायत. हस. नाहीतर दुसऱ्या मुलीला घेतील.”

टिल्ली हसली. हसू लांबरुंद होतं आणि डोळ्यांपर्यंत कुठे पोचलंच नव्हतं, एजन्सीच्या भिंतीवरच्या पोरांसारखं. कॅमेरा चारपाच वेळा वाजला.

भाऊजी खुर्चीवरून उठले. बुटांसकट त्या पांढऱ्या कागदावर चालत आले आणि लेकीसमोर उकिडवे बसले.

“बस झालं का ग?”

टिल्लीने मान हलवली.

“मग जाऊ या घरी,” ते म्हणाले, आणि मावशीकडे वर बघून, “टाचण्या कुठे कुठे आहेत, सांग. हिला टोचायला नको.”

मावशीने एकेक टाचणी काढून डब्यात टाकली. भाऊजींनी स्वेटर उतरवला, फोटोच्या बाईंची माफी मागितली आणि टिल्लीला कडेवर घेऊन निघून गेले. बाईंना काही वाटलं नाही, मुलं कंटाळतातच. बुटांचे ठसे उमटलेला कागद त्यांनी गुंडाळून नवा सोडायला लावला. शेजारच्या बाईची मुलगी स्वेटरमध्ये शिरली. तिला तो ढगळ होता, तीन टाचण्या जास्त लागल्या. मावशीने त्या लावल्या. तिच्या पुढ्यात ती आई लेकीच्या कानाशी लागली तेव्हा मावशीने, सवयीने, काय ही माणसं असं म्हणायला सुरुवात केली आणि ते तिला पुरं करता आलं नाही.

दोन महिन्यांनी कॅटलॉग आला. ऑफिसने टिल्लीचाच स्वेटरमधला फोटो घेतला होता. हसू काय गोड आहे, मास्तर म्हणाले. भाऊजींनी ते पान दुकानातल्या आरशाला चिकटवलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवायला लागले. तो फोटो कसा निघाला ते मावशीने त्यांना सांगितलं नाही, ताईलाही नाही. सुधारायचं नावच नाही या माणसाचं, एवढं मात्र ती ताईला म्हणाली. पण त्यात पूर्वीची धार राहिली नव्हती.

त्या रविवारी सगळे एकत्र जेवायला बसले असताना ताईने लेकीला सहज विचारलं, पुढच्या वेळी जाशील का ग फोटोला?

टिल्लीने घास संपवला. “जाईन,” ती म्हणाली. “बाबा असले तर. मावशी नको.”

भाऊजी खो खो हसले, पोरीला टाचण्यांची भीती बसली म्हणाले. ताईसुद्धा हसली. मावशी उठून पाणी आणायला आत गेली आणि तांब्या भरल्यावरही बराच वेळ तिथेच उभी राहिली.