चार ओळी कन्नड

नाशिक ते बेळगाव हे साडेपाचशे किलोमीटर एका दिवसात आरामात होतात, हे स्वरूपला वसुधाआत्याला दाखवून द्यायचं होतं. पुढच्या महिन्यात आत्या मोटारसायकलवर भूजला निघणार होती आणि त्यालाही जायचं होतं. पण प्रयोगशाळेतल्या नव्या नोकरीत रजा मिळाली होती आठच दिवसांची. आत्या रोज तीनशेच्या आसपास गाडी चालवायची. त्या हिशेबानं आठ दिवसांत भूज बघून परत येणं शक्य नव्हतं. स्वरूपच्या हिशेबानं होतं.

"तुझं गणित बरोबर हाय," आत्या म्हणाली होती. "पण गणिताला झोप येत न्हाय. आता नाशिकला चाललोय, तिथनं येताना तू म्हणशील तसं. पेपर वाचायचा माझा नेम तेवढा राहील."

हा पेपर म्हणजे कन्नड वर्तमानपत्र. आत्या बेळगावातल्या अनगोळची, शाळा सगळी मराठीत. सरकारी कचेरीत लागल्यावर ती कन्नड शिकली, तीही कष्टानं. निवृत्तीनंतर गाडीवरून देश बघायला लागली, तेव्हा तिनं एक रिवाज पाडला. बेळगाव सोडताना कन्नड पेपर घ्यायचा आणि टाकीवरच्या पिशवीत ठेवायचा. दुपारनंतर जिथं थांबू तिथं न वाचलेल्या चार ओळी मोठ्यानं वाचायच्या. जीभ अडखळली की जवळचं गाव हाच मुक्काम. दोघांतला एक जरी अडखळला तरी दोघांनी थांबायचं.

"आईची भाषा झोपेतबी वाचता येते," ती सांगायची. "मागनं शिकलेली आधी सोडून जाते."

स्वरूपही कन्नड मागाहूनच, शाळेत शिकला होता, आणि त्याला हे मनापासून आवडलं होतं. थकवा मोजायचं इतकं बिनखर्चाचं साधन त्यानं कुठं पाहिलं नव्हतं.

नाशिक त्यांनी उजाडताना, आपापल्या मोटारसायकलवर, सोडलं. साताऱ्याला जेवण झालं, कोल्हापूरला चहा. दोन्हीकडं दोघांनी चार-चार ओळी घडाघडा वाचल्या. कागल मागं पडलं, कर्नाटकची हद्द ओलांडली आणि सूर्य टेकला तेव्हा ते निपाणीत हॉटेलच्या बाकड्यावर बसले होते. इथून घर जेमतेम दीड तासावर. स्वरूपच्या आईनं, पूर्णिमानं, भात टाकू का म्हणून फोनही केला होता.

स्वरूपनं साखर कारखान्याच्या सभेची बातमी एका दमात वाचली आणि पेपर आत्याकडं दिला. आत्या वाचू लागली. तिचा आवाज संथ, नेहमीसारखा. तो मोबाईलवर पुढचा रस्ता बघत होता. भूज आता त्याच्या खिशात होतं.

आत्यानं पेपराची घडी केली, हेल्मेट उचललं, गाडीला किल्ली लावली. मग किल्ली काढून परत बाकड्यावर येऊन बसली.

"मी एक शब्द गिळला, रं."

"मला तर ऐकू नाही आलं."

"तुला कसं येईल? तू कवाच घरी पोचलास."

तिनं घडी उलगडून बोट ठेवलं. जोडाक्षरांचा लांबलचक शब्द होता, पण छपाई स्वच्छ होती. स्वरूपनं तो सहज वाचला आणि लगेच वाटलं, वाचायला नको होता.

"आत्या, एक शब्द. तवंदीचा घाट ओलांडला की पुढं सरळच रस्ता आहे."

"सरळ रस्त्यावरच डोळा लागतोय. आणि घर जवळ आलं की माणसाला वाटतं, आपुन जागंच हाय."

आता फोन तिनंच लावला. पलीकडचा आईचा आवाज स्वरूपला स्पष्ट ऐकू येत होता. "निपाणीत मुक्काम? घर इथं असून लॉजवर? सगळं अनगोळ हसंल, वन्सं."

"हसू दे," आत्या म्हणाली. "ऐकायला आम्ही दोघं असू."

तिनं फोन ठेवला आणि गुडघे चोळत बसली. तीन दशकं धाकटा असलेल्या भाच्यासमोर आपण आधी थकलो हे तिनं कुणी न विचारता सांगितलं होतं. तिलाही घरचा भात हवा होता, आपली गादी हवी होती. शब्द गिळल्याचं जगात दुसऱ्या कुणालाही कळलं नव्हतं. उपकरण चोख असतं ते वाचणाऱ्याच्या खरेपणामुळं, हे स्वरूपला कॉलेजात पुष्कळदा सांगितलं गेलं होतं; बघायला मिळालं ते इथं, चहा सांडलेल्या बाकड्यावर. त्यानं दोन्ही गाड्यांवरच्या पिशव्या सोडायला घेतल्या.

सकाळी त्याच हॉटेलात आत्यानं कालचीच बातमी शेवटपर्यंत वाचली. तो शब्द आला तेव्हा तिनं त्याच्याकडं बघून भुवई उडवली.

"माझं भूज काय होत नाही," स्वरूप म्हणाला.

"न्हाय होत."

"मग चार दिवस तुझ्याबरोबर येतो. पाचव्या दिवशी जिथं असू तिथनं मी माघारी फिरतो."

"कुठलं गाव धरलंयस?"

"धरलं नाही."

आत्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला. "मग निघताना पेपर दोन घेऊ या," ती म्हणाली. "परतीला एकटा असशील. ऐकायला कुणी नसंल."