लोखंडी कोरणी

हाडाच्या कोरणीचं टोक गव्हाच्या दाण्याइतकं रुंद होतं आणि डाव्या कडेला जास्त झिजलेलं होतं. मेणावरून ओढताना सगळा भार त्याच कडेवर येत असावा. दोन वर्षांपूर्वी पुष्पाबाईने हीच कोरणी पाहिली तेव्हा दोन्ही कडा सारख्या होत्या. मधल्या काळात भिकुबाईने तिने किती चेहरे काढले असतील याचा अंदाज ती बांधत राहिली. शेजारी सासू, ताईबाई, बोलत होती आणि ते तिला ऐकायचं नव्हतं.

सोनगीरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी भिकुबाईचं घर होतं. नवरा ओतारी, तो गेल्यावर मेणाचे नमुने ती स्वतः करायची आणि दीर वना त्यांना मातीचा लेप देऊन पितळ ओतायचा. होळीआधीचे हे दिवस गर्दीचे. धुळवडीला मिरवायचे वीर आणि चैत्रात देवीला वाहायच्या नवसाच्या मूर्ती, दोन्ही एकदमच करून द्यावी लागत.

भिकुबाईने फडक्यावर तीन कोरण्या मांडल्या. बांबूची अंगासाठी. चेहऱ्यासाठी हाडाची किंवा लोखंडी, आणि त्यातली हवी ती मूर्ती करवणाऱ्या घरच्या बाईने उचलून द्यायची, ही भिकुबाईकडची जुनी रीत. हाडाने मेण दबतं, रेघ उथळ आणि मऊ येते. नवसाच्या मूर्तीला तेवढं पुरतं; ती देवीपुढे ठेवली की काम झालं. लोखंडी कोरणी निखाऱ्यावर तापवून घेतली की मेण कापत जाते आणि रेघ खोल बसते. ती वीरासाठी. दूरदेशी किंवा अवेळी मेलेल्या माणसाचा घोड्यावरचा वीर देव्हाऱ्यात बसतो. त्याला वर्षानुवर्षं हळद लागते, चिंच लागते, हात लागतात. चेहरा उथळ असला तर नातवाच्या काळापर्यंत नुसता गोळा उरतो.

"काय वं ताईबाई," भिकुबाई मेण मळत म्हणाली, "यंदा नाक कोनं?"

"मना पोऱ्यानं. मागला साल तू बापनं नाक लाई दिधं व्हतं."

"बापनं नाक बरं व्हतं ना पन."

"बापलेच बरं," ताईबाई म्हणाली आणि हसली. हसताना तिच्या गळ्याच्या दोन शिरा वर आल्या. पुष्पाबाईने नजर खाली केली.

तिचा मुलगा, पुष्पाबाईचा नवरा धनसिंग खेचरांच्या पलटणीत भरती होऊन समुद्रापार बसऱ्याच्या लढाईवर गेला, त्या दिवसापासून ताईबाई एक वेळ आणि अळणी जेवत होती. मुलगा उंबऱ्यात आला की मीठ खाईन, असा नवस. साक्रीहून दर साली ती चालत सोनगीरला यायची, त्याची पायी चालणारी छोटी मूर्ती करून घ्यायची आणि धुळ्याला एकवीरादेवीला वाहायची. ही तिसरी. यंदा मात्र शेवटच्या दोन कोसांत ती सहा वेळा बसली. पुष्पाबाईने मोजलं होतं.

लढाई संपली होती. माणसं परत येत होती. पौषात गावचा हिलाल आला आणि हरभऱ्याच्या बांधावर त्याने पुष्पाबाईला गाठलं. धनसिंग अमाऱ्याला तापाने गेला होता. नदीच्या काठी हिलालनेच त्याला माती दिली होती. "घरी तू सांग वहिनी," तो म्हणाला, "ताईबाईसमोर उभं राहवाले मना जीव धजत नही." दुसऱ्या दिवशी तो जळगावला कापसाच्या जिनात कामाला निघून गेला. सरकारी कागद अजून आला नव्हता.

तिने सांगितलं नाही. एक आठवडा, मग एक महिना, मग दोन. सांगितलं की बांगड्या फुटतील, हे तिने धरलंच होतं. पण त्यानंतर शिरपूरहून बाप गाडी जुंपून येईल आणि वर्षाच्या आत दुसरीकडे पाट लावून देईल. घरात ताईबाई एकटी राहील, आणि आपण कुठल्या तरी अनोळखी चुलीपुढे बसलेल्या असू. न सांगितलं तर यातलं काहीच घडत नव्हतं. फक्त ताईबाई दर आठवड्याला थोडी कमी होत होती.

मागच्या पडवीतून वनाचा आवाज आला. "वहिनी, माटी सुकी राह्यनी. आज लेप दिधा तं होळीपावत वाळी. नहीतं होळी नंतर."

"देस रे. जीव खाऊ नको."

बांबूच्या कोरणीने भिकुबाईने पाय काढले. एक पुढे, एक मागे, चालत्या माणसाचे. मग डोक्याची गोळी बसवली. चेहऱ्याच्या जागी अजून काहीच नव्हतं. तिने अंगठ्याने मेण दाबून पाहिलं. "लवकर सांगा. घट्ट होई राह्यनं."

"थांब," ताईबाई म्हणाली. "यंदा नवस वाढवना शे. मागला दोन साल देवीनी ऐकं नही, म्हंजे मनं कमी पडनं. आजपाईन जत्रापावत नुसतं ताक पिसू. चेहरा लागाना आधी बोलनं पडस, म्हनून इठे बोलस."

भिकुबाईचे हात थांबले. तिने ताईबाईच्या मनगटाकडे पाहिलं, मग पुष्पाबाईकडे. "जत्राले महिनाना वर शे, बाई."

"माले माहीत शे."

"त्या अंगवर?"

"मनं अंग, मना पोऱ्या. तू कोरनी धर."

निखाऱ्यावर राख धरत चालली होती. भिकुबाईने फुंकली नाही. पुष्पाबाईला मेणाचा आणि राळेचा वास एकदम जड वाटला. महिनाभर ताक. आज सहा वेळा बसलेली बाई तिथवर पोचणार नाही, हे कळायला वैद्य नको होता. म्हणजे पुष्पाबाई इतके दिवस जे धरून बसली होती, त्यातलं काहीच राहणार नव्हतं. ताईबाईही नाही.

ताईबाईने हात पुढे केला. बोटं हाडाच्या कोरणीपासून दोन वीत लांब होती, मग एक वीत.

पुष्पाबाईने कोरणीवर पालथा हात ठेवला.

"काय वं?" ताईबाई म्हणाली. "सरक."

ती सरकली नाही. हाताखाली झिजलेली कड तिला नीट जाणवत होती.

"रीत सासूनी शे," ताईबाई म्हणाली. आवाज अजून सहज होता. "तुले देवानी व्हई तं दे, पन लवकर. मेन घट्ट होई राह्यनं."

पुष्पाबाईने दुसऱ्या हाताने लोखंडी कोरणी उचलली. ती अपेक्षेपेक्षा जड होती. तिने ती निखाऱ्यात टोकाकडून खुपसली. बारीक आवाज झाला आणि राख सरकून खालचा लाल भाग दिसला.

ताईबाई त्या लाल भागाकडे बघत राहिली. तिचा पुढे केलेला हात तसाच हवेत होता.

"वहिनी," पडवीतून वना म्हणाला, "व्हयनं का?"

"गप," भिकुबाई म्हणाली.

ताईबाईने हळूच विचारलं, "तुले कधीपाईन माहीत शे?"

"पौषपाईन." पुष्पाबाईने सासूचा हवेतला हात दोन्ही हातांत घेतला. तो अगदी हलका होता. "हिलालभाऊनी त्यासले माटी दिधी. त्या आते येवाव नहीत, आत्याबाई. आज आपन दोन्ही मीठ टाकीसन जेवसूत. बाप लेवाले उना तरी मी जावाव नही."

मग भिकुबाईकडे वळून ती म्हणाली, "अक्का, ह्या पाय मोड. घोडा काढ. चेहरा खोल काढ."